पहिली दोन अक्षरं

स्क्रिप्ट हा लेखनप्रकार वाङ्मयाच्या कुठल्याही इतिहासात नाही. त्याला प्रस्तावना नसते, अर्पणपत्रिका नसते, आणि लिहिणारासुद्धा त्याला लेखन म्हणत नाही. ऑफिसातली मंडळी उठायच्या बेतात असतात, शेकडो फाइलींची नावं एकेक करून बदलायचा कंटाळा आलेला असतो, म्हणून कुणीतरी संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या दहा-बारा ओळी खरडतो. ओळी चालतात, नावं बदलतात, माणूस घरी जातो. ओळी मात्र तिथंच राहतात. पुढं संगणक बदलतो, जुनी डिस्क नव्या डिस्कमध्ये ओतली जाते, तिच्याबरोबर त्याही येतात. आणि मग 'जुनं', 'जुनं-२', 'बघायचं' असल्या नावांच्या डिरेक्टऱ्यांच्या पोटात कुठंतरी खोल पडून राहतात.

माझ्याकडे अशा ओळींचं रान माजलं आहे. त्याचं कारण मराठी मजकूर. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी मराठीचं डीटीपी श्री-लिपी, कृतिदेव असल्या फाँटांत होत असे. पडद्यावर 'क' दिसला तरी फाइलीच्या आत 'क' नसे. तिथं भलतंच कुठलं तरी रोमन अक्षर नाहीतर चिन्ह असे, आणि फाँट त्याला 'क'चा वेष चढवी. तो मजकूर आज वाचायचा तर आधी त्याचं युनिकोड करावं लागतं. एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी त्या फाँटांत व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफाराचं नेमकं उलट: तिकडं अक्षरानंतर, इकडं आधी. 'आर्थिक' शब्द घ्या. वेलांटीला 'थ' ओलांडून पुढं न्यायचं आणि त्याच वेळी रफाराला तोच 'थ' ओलांडून मागं आणायचं. दोघं वाटेत एकमेकांना धडकता कामा नयेत. ही ने-आण करणाऱ्या काही स्क्रिप्ट मी लिहिल्या, काही मागून आणल्या. कुणाची पर्लमध्ये, कुणाची पायथनमध्ये, कुणाची साध्या शेलमध्ये. त्या सगळ्या एका जागी आणाव्यात एवढंच मनात होतं.

शोधायला हाताशी होतं ते फाइंड. न्यू जर्सीत बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत असताना डिक हेट यांनी ते लिहिलं, आणि १९७४च्या पाचव्या आवृत्तीपासून ते युनिक्सच्या घरात आहे. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, शोधाची चौकट नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: कुठून सुरुवात करायची ती जागा, आणि पुढं अटी. फाइल असावी, डिरेक्टरी नको. नाव अमुक शब्दानं संपावं. गेल्या महिन्यात बदललेली असावी. मालक तमुक असावा. युनिक्सच्या बाकीच्या आज्ञा एका डॅशपुढं एक अक्षर लिहून काम भागवतात; फाइंड मात्र अख्खे शब्द मागतं आणि त्यांची वाक्यं करतं. आणि, किंवा, नाही, कंस, सगळं व्याकरण त्यात आहे. पुष्कळांना ते किचकट वाटतं. कंटाळवाणं काम स्पष्ट सांगायचं तर एवढं व्याकरण लागणारच, असं माझं मत आहे.

पूर्वी तर त्याचा आणखी एक हट्ट होता. सापडलेलं दाखव असंही वेगळं सांगावं लागे. 'प्रिंट' हा शब्द जोडला नाही, तर फाइंड अख्खी डिस्क पालथी घालून, हवं ते सगळं शोधून, एक अक्षरही न बोलता परत येई. नवशिक्यांनी त्यापायी डोकं धरलं असेल. पुढं प्रमाणीकरण झालं तेव्हा तो हट्ट सुटला, आणि आता न सांगताही ते यादी छापतं.

जनगणनेचा प्रगणक जसा दारोदार जातो तसं हे जातं. वाट आडवळणाची आहे म्हणून सोडत नाही. कुलूप दिसलं तर 'परवानगी नाही' अशी एक ओळ लिहितं आणि पुढच्या दाराशी उभं राहतं. टिंबानं सुरू होणाऱ्या नावांच्या फाइली यादीची रोजची आज्ञा, म्हणजे एलएस, आपल्याला दाखवत नाही. बेल लॅब्जमधल्या रॉब पाइक यांनी सांगितल्याप्रमाणे ही लपवाछपवी कुणी ठरवून केलेली नव्हती. प्रत्येक डिरेक्टरीत असणाऱ्या एक टिंब आणि दोन टिंबं या दोन नोंदी यादीत येऊ नयेत म्हणून कुणीतरी 'पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे' असं घाईत लिहिलं, आणि त्या आडोशाला जगभरचे प्रोग्रॅम आपापलं सामान लपवू लागले. फाइंडला हा पडदा माहीत नाही.

याहून वेगवान हत्यारं आहेत. १९८३ साली जेम्स वुड्स यांनी सगळ्या नावांची आधीच सूची करून ठेवण्याची युक्ती मांडली. आजचं लोकेट त्याच वाटेवरचं. विचारायचा अवकाश, उत्तर हजर. पण ते सूची झाली तेव्हाचं असतं. सकाळी पुसलेली फाइल दुपारी ते खुशाल आहे म्हणून सांगतं. डेव्हिड पीटर यांचं एफडी तर फारच देखणं आहे, रंगीत आणि चपळ. मात्र न सांगता ते लपलेल्या फाइली आणि गिटनं दुर्लक्षित ठरवलेल्या फाइली वगळतं. स्विच देऊन तेही दाखवायला लावता येतं, हे खरं. तरी पडक्या वाड्यात काय आहे ते बघायला निघाल्यावर कुठल्या खोल्या बघायच्या नाहीत हे हत्यारानं ठरवावं, हे मला पटत नाही. वेळ लागला तर लागू दे. तेवढ्यात चहा होतो.

अडचण वेगळीच निघाली. फाइंडला 'स्क्रिप्ट शोध' असं सांगता येत नाही. ते फाइलीचं नाव बघतं, वजन, तारखा, मालक, परवानग्या बघतं, पण फाइल उघडत नाही. आणि स्क्रिप्ट ही स्क्रिप्ट आहे हे बाहेरून कसं ओळखायचं?

नावावरून, असं कुणीही म्हणेल. शेवटी डॉट एसएच असेल तर शेल, डॉट पीवाय असेल तर पायथन, डॉट पीएल असेल तर पर्ल. विंडोजवर वाढलेल्या पिढीला शेपटी हीच ओळख वाटते. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सला तिचं काही देणंघेणं नाही. उलट डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाचा नियमच आहे की लोकांनी रोज वापरायच्या स्क्रिप्टच्या नावात भाषेची शेपटी असू नये. कारण साधं आहे: आज शेलमध्ये लिहिलेली आज्ञा उद्या कुणी सीमध्ये लिहिली, तर नाव तेच राहावं आणि वापरणाऱ्याला पत्ता लागू नये. एखाद्या प्रोग्रॅमला कुठली लायब्ररी लागते ते सांगणारी एलडीडी ही मोठी अवजड वाटणारी आज्ञा प्रत्यक्षात बॅश या शेलची स्क्रिप्ट आहे. दाबलेल्या फाइलींत शब्द शोधणारी झेडग्रेपही स्क्रिप्टच. माझ्या रानातही हेच. 'वेलांटी', 'सगळं-कर', 'चालव' अशी बिनशेपटीची नावं, आणि त्यांच्या शेजारी डॉट पीएल लावलेली एक फाइल, जिच्यात पर्लचं अक्षरही नव्हतं. कुठल्याशा पुस्तकाच्या प्राइस लिस्टसाठी कुणीतरी 'पीएल' लिहिलं होतं.

मग परवानगीवरून बघावं. युनिक्समध्ये फाइलीला वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची अशा तीन परवानग्या असतात. चालवता येणाऱ्या फाइली दे, असं फाइंडला सांगता येतं. पण डिरेक्टरीवर तोच तिसरा शिक्का 'आत जाता येईल' अशा अर्थानं असतो, म्हणून फक्त फाइली हव्यात हे सांगायला विसरलं की अख्ख्या घराच्या खोल्यांची यादी हातात येते. आणि पेन ड्राइव्ह! त्यावरच्या फॅट पद्धतीच्या मांडणीत या परवानग्यांना जागाच नसते. त्यामुळे त्यावरून लिनक्सवर उतरवलेली प्रत्येक वस्तू बहुधा चालवण्याजोगी म्हणून नोंदली जाते. पत्रिका, फोटो, बँकेची पासबुकं, भावाच्या लग्नातली गाणी, सगळी कामाला लागायला तयार. त्या गर्दीत खऱ्या स्क्रिप्ट शोधायच्या तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

राहिला एकच मार्ग. फाइल उघडायची आणि तिची पहिली दोन अक्षरं वाचायची.

ही दोन अक्षरं म्हणजे #! ही जोडी. हॅश आणि उद्गारचिन्ह. तिच्यापुढं पत्ता असतो: ही फाइल वाचून दाखवणारा कुठं राहतो, बॅश की पर्ल की पायथन. ही व्यवस्था १० जानेवारी १९८० रोजी डेनिस रिची यांनी एका निरोपातून सहकाऱ्यांना कळवली. त्याआधी कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, फक्त यंत्रभाषेतले प्रोग्रॅम ओळखी. मजकुराची फाइल चालवायला दिली की तो नकार देई, आणि मग शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, 'बरं, मीच वाचून बघतो' म्हणून ती ओळीओळीनं वाची. म्हणजे स्क्रिप्टला स्वतःच्या नावावर उभं राहता येत नसे. चालू कामांच्या यादीत तिचं नाव न दिसता शेलचं दिसे. रिचींच्या बदलानं कर्नलच ती दोन अक्षरं वाचू लागला. बारा ओळींची शेल स्क्रिप्ट आणि बारा हजार ओळींचा सीमधला प्रोग्रॅम त्या दिवसापासून चालवणाऱ्याच्या दृष्टीनं सारखे झाले. युनिक्सच्या इतिहासात याहून मोठे बदल पुष्कळ झाले असतील. मला मात्र हा फार आवडतो, कारण तो खालच्या पंक्तीतल्या लेखनाला वरच्या पंक्तीत पान वाढतो. लिनक्सचा कर्नल या पहिल्या ओळीसाठी बरीच वर्षं १२८ बाइटांची जागा ठेवत असे, २०१९च्या ५.१ आवृत्तीपासून ती २५६ झाली.

फाइलीच्या सुरुवातीला ओळखीची खूण ठेवण्याची रीत याहून जुनी. पीडीपी-११ यंत्रावरच्या प्रोग्रॅमांच्या सुरुवातीला अष्टमान पद्धतीत ४०७ हा आकडा असे, आणि तो नुसता आकडा नव्हता. पुढच्या मथळ्यावरून उडी मारून थेट कामाला लाग, असा त्या यंत्राचा हुकूमच होता. झिप फाइलीची सुरुवात 'पी' आणि 'के' या अक्षरांनी होते, ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. डॉसच्या आणि विंडोजच्या प्रोग्रॅमांतली 'एम' आणि 'झेड' ही मार्क झ्बिकोव्स्की यांची. जगभरच्या अब्जावधी फाइलींच्या कपाळावर दोन माणसांची नावं गोंदलेली आहेत आणि रोज त्या उघडणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नाही. अशा खुणांचा मोठा पोथा जवळ बाळगणारी 'फाइल' नावाचीच एक आज्ञा १९७३पासून युनिक्समध्ये आहे. आज बहुतेक ठिकाणी चालते ती इयन डार्विन यांनी १९८६च्या सुमारास नव्यानं लिहिलेली मुक्त आवृत्ती. तिला कुठलीही फाइल दाखवा, ती आत डोकावून हे काय आहे ते सांगते.

मला एवढा पोथा नको होता. एक चिमुकली स्क्रिप्ट पुरली: फाइंडनं फाइलींची नावं द्यायची, हेड या आज्ञेनं प्रत्येकीच्या पहिल्या दोन बाइट उचलायच्या, त्या #! असल्या तर नाव छापायचं. स्क्रिप्ट शोधायला स्क्रिप्टच. ती स्वतःही यादीत आली, हे ओघानं आलंच.

यादी छान आली, पण ज्या फाइली तिथं असणार याची मला खात्री होती त्यांतल्या काही नव्हत्या. उघडून बघितलं तर पहिल्या ओळीत #! ठसठशीत. कारण नोटपॅड. मराठीत टिपा लिहिलेली स्क्रिप्ट कुणी विंडोजवर नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून साठवली, की २०१९पर्यंत नोटपॅड न विचारता फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवत असे. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. कर्नलला मात्र त्याच आधी दिसतात, आणि #! मागं ढकललं गेल्यानं तो त्या फाइलीला ओळख देत नाही. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा त्रास क्वचित. त्याला यूटीएफ-८ म्हणून साठवायची वेळच येत नसे. मराठीत टीप लिहिण्याची ही पट्टी होती. तेव्हा शोधाला आणखी एक अट जोडली: दोन बाइट न वाचता पाच वाचायच्या, आणि पहिल्या तीन त्या अदृश्य असतील तर त्या सोडून पुढं बघायचं.

नावांचंही असंच. लिनक्सला फाइलीचं नाव म्हणजे बाइटांची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'महाराष्ट्र' डोळ्यांना चार अक्षरं, डिस्कला तीस बाइट. त्याहून नाजूक गोष्ट 'ऱ्या'ची. 'दुसऱ्या' लिहिताना कुणाचा कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर देतो, कुणाचा 'र'खाली नुक्ता देतो, तर कुणाचा साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच. 'दुसऱ्या फाँटाची' या नावाची स्क्रिप्ट समोर दिसत असते, आपण तेच नाव टाइप करून फाइंडला विचारतो, आणि ते काहीच बोलत नाही. त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. बरं, काही सापडलं नाही म्हणून फाइंड अपयशाचा आकडाही परत करत नाही. फाइलींत शब्द शोधणारं ग्रेप करतं. फाइंडच्या मते सगळीकडं जाऊन आलो म्हणजे काम झालं. नावावर भिस्त न ठेवण्याचं मराठी माणसाला हे एक जास्तीचं कारण.

सापडलं काय? बहुतेक माल टाकाऊ. एकाच स्क्रिप्टच्या पाच प्रती, प्रत्येकीत एखाद्या ओळीचा फरक. ज्या सर्व्हरचा आता मागमूस नाही त्यावर फाइली चढवणाऱ्या आज्ञा. पण मधूनच अशी एखादी निघे की मी पुढची यादी सोडून तीच वाचत बसे. एका जुन्या छापखान्यात अक्षरजुळणी करता करता पर्ल शिकलेल्या गृहस्थांची एक स्क्रिप्ट माझ्याकडे आहे. हॅश करून त्यांनी ठिकठिकाणी टिपा लिहून ठेवल्यात. 'इथं काना दोनदा येतो, एक खावा.' 'अर्धा श दोन प्रकारचा आहे, दोन्ही घेणे.' 'हा नियम वरच्या नियमाच्या आधी नेऊ नये, रफार मरतो.' जुन्या फाँटांत अनेक पूर्ण अक्षरं म्हणजे अर्धं अक्षर आणि उभी काठी असा जोड असे, म्हणून काना जास्तीचा उरे. हे ज्यानं त्या फाँटात वर्षानुवर्षं ओळी जुळवल्या त्यालाच ठाऊक. त्या फाँटाची माहितीपुस्तिका असेलही कुठं. माझ्या हातात आहे ती ही दोनशेएक ओळींची स्क्रिप्ट, आणि एका फाँटाचं वागणं तिच्याइतकं नेमकं मी दुसरीकडं कुठं लिहिलेलं पाहिलेलं नाही. अशा फाँटांत मराठीची पुस्तकं, दिवाळी अंक, सरकारी कागद किती पडून आहेत याचा विचार केला की या ओळींची किंमत कळते. प्रोग्रॅमरांच्या सभांमध्ये स्क्रिप्टला 'तात्पुरती' म्हणून हिणवायची पद्धत आहे. मी इतकंच म्हणेन की ज्या मोठाल्या पॅकेजांत तो मजकूर तयार झाला त्यांतली कित्येक आज उघडतही नाहीत, आणि ही तात्पुरती स्क्रिप्ट काल चालली.

तुमच्याकडं लिनक्स किंवा मॅक असेल आणि त्यात जुन्या डिस्का ओतलेल्या असतील, तर हा शोध एकदा जरूर करून बघा. फक्त फाइंडची 'डिलीट' ही अट जपून वापरा. फाइंड अटी डावीकडून उजवीकडं वाचतं. 'डिलीट' आधी आणि नाव नंतर लिहिलं, तर नाव बघण्याआधीच ते समोरचं सगळं पुसत सुटतं, आणि विचारत नाही. आधी नुसती यादी काढा, डोळ्यांखालून घाला, मगच काय टाकायचं ते ठरवा. आणि जुन्या मराठी फाँटाचं युनिकोड करणारी एखादी स्क्रिप्ट निघाली, कितीही ओबडधोबड असो, ती पुसू नका. दुसऱ्या ओळीत फाँटाचं नाव लिहा, माहीत असेल तर लिहिणाऱ्याचंही, आणि मराठी मजकुराचं काम करणाऱ्या कुणाला तरी पाठवून द्या.